आई ठणठणीत असल्याचा दाखला

माझी आई आजारी नाही, एवढं सिद्ध करायला मला एकोणीस दिवस लागले. मी भौतिकशास्त्रात एमएस्सी केलं आहे आणि तळेगावच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत सुट्या भागांच्या भोकांचा व्यास मोजते. एखादं भोक मिलिमीटरच्या शंभराव्या भागानं मोठं असलं तर मी ते लेखी देऊ शकते, आणि माझ्या त्या सहीवर माल परत जातो. पण समोर उभी असलेली, मोठ्यानं बोलणारी, बासष्ट किलो वजनाची बाई धडधाकट आहे, हे लेखी देणारा माणूस या जिल्ह्यात मला सहजासहजी सापडला नाही. राग उतरल्यावर लिही, असं वहिनीचं म्हणणं होतं. मी दोन महिने वाट पाहिली. उतरत नाही. म्हणून तसंच लिहिते आहे.

माझा भाऊ प्रज्ञेश सैन्यात नायक आहे. गेल्या वर्षी त्याची तुकडी शांतिसेनेत आफ्रिकेतल्या एका देशात गेली. निळी टोपी घालून दोन भांडणाऱ्या टोळ्यांच्या मधे उभं राहायचं, असं ते काम. मुदत दीड वर्षाची, आणि त्यात एकदा पंधरा दिवसांची सुट्टी. तीही पाळीनं, कारण छावणी रिकामी करता येत नाही आणि तिथलं विमान काही मळवलीच्या लोकलसारखं तासाला येत नाही. प्रज्ञेशची पाळी चार ते अठरा डिसेंबर अशी लागली होती. तो गेला तेव्हा रुपाली वहिनीला सातवा महिना होता. सुट्टीवर येईल तेव्हा सम्यक नऊ महिन्यांचा झालेला असणार होता, आणि बापलेकांची ती पहिलीच भेट होती. आमच्या घराला त्या पंधरा दिवसांशिवाय काही नको होतं.

आता गावाचं मत. भाऊ परदेशात गेल्यापासून त्याला पगार डॉलरमध्ये मिळतो, अशी आमच्या वस्तीची ठाम समजूत आहे. मी सगळ्यांना समजावून सांगितलं की त्याचा नेहमीचा पगार इथंच बँकेत रुपयांत जमा होतो आणि त्यावर परदेशातल्या कामाचा वेगळा भत्ता असतो. लोकांनी माझं शांतपणे ऐकून घेतलं आणि पुन्हा डॉलर म्हणाले. पोलीसपाटील कोंडाजी यांनी तर सिद्धांतच मांडला. त्यांच्या मते एवढा पैसा देतात तो सुट्टी द्यावी लागू नये म्हणूनच, म्हणजे सुट्टीचीच ती किंमत, आणि डॉलर घेऊन वर सुट्टी मागणं हे त्यांच्या दृष्टीनं अंमळ हावरटपणाचं होतं. सुट्टी हा नोकरीचाच भाग आहे, मेहेरबानी नाही, हे मी त्यांना दोनदा सांगितलं. "तू शिकलेली हायेस बाय," असं म्हणून त्यांनी विषय संपवला. आमच्याकडे हे वाक्य वाद हरलेल्या माणसाला म्हणतात.

पण कोंडाजींमुळे काही बिघडलं नसतं. बिघडलं ते आमच्यावर जीव असलेल्या माणसामुळे. शेजारचे हौशीराम आबा हे निवृत्त हवालदार. फौजेतल्या कुठल्याही गोष्टीवर त्यांचा शब्द आमच्याकडे अखेरचा असतो. सुट्टी मागून मिळत नसते, खेचून आणावी लागते, असं त्यांचं शास्त्र. ती खेचायचं हत्यार एकच. गावाकडून तार जायची, घरचं कोणीतरी सिरियस. सव्वीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी सासूला तीनदा आणि वडिलांना चारदा अंथरुणाला खिळवलं होतं. पाचव्या वेळी वडील खरंच गेले, तेव्हा साहेबांनी तार वाचून बाजूला ठेवली. हे आबा स्वतःच सांगतात. त्यातून त्यांनी काढलेला निष्कर्ष असा की शेवटच्या तारेला पाटलाचा शिक्का नव्हता.

पंधरा दिवसांतले काही जाण्यायेण्यात मोडणार, पोराच्या हाती काय लागणार, म्हणून आबांनी परस्पर उपाय केला. तार बंद झाली म्हणून साध्या कागदावर अर्ज लिहिला. आई भामाबाई अत्यवस्थ आहे, मुलगा एकुलता एक आहे, तरी सुट्टी तीस दिवसांची करावी. त्यावर वहिनीची सही घेतली. वहिनी तेव्हा सम्यकला भरवत होती. सुट्टी वाढायचा कागद आहे, एवढंच आबांनी तिला सांगितलं. मी नंतर तिला फैलावर घेतलं, न वाचता सही कशी केलीस. ती म्हणाली, "अनघाताई, विहिरीत उडी मारली की सुट्टी वाढते असं आबा म्हणाले असते, तर मी कोणती विहीर एवढंच विचारलं असतं." कोंडाजींनी शिक्का मारला. हावरटपणाबद्दलचं त्यांचं मत कायम होतं, पण शिक्का मागितला की मारायचा हे त्यांचं त्याहून जुनं तत्त्व आहे. एक प्रत पुण्यातल्या, सैनिकांच्या कुटुंबांची कामं बघणाऱ्या कार्यालयात गेली आणि एक पलटणीकडे.

आठ नोव्हेंबरला सकाळी प्रज्ञेशचा आईला फोन आला. त्याला त्याच्या साहेबांनी बोलावून, खुर्ची देऊन, पाणी देऊन बातमी सांगितली होती. आई तेव्हा मळवलीच्या ज्या बंगल्याची देखभाल करते, तिथं गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत उतरून टाकी घासत होती. टाकीतून आवाज घुमत होता, त्यामुळे ती अतिदक्षता विभागातून बोलते आहे असं त्याला वाटलं. कोण सिरियस, असं तिनं तीनदा विचारलं. शेवटी टाकीबाहेर येऊन तिनं त्याला व्हिडिओवर आपलं तोंड, टाकी आणि हातातला खराटा दाखवला. तो रडला. मग हसला. आणि मग घाबरला, कारण खोटं कारण देऊन सुट्टी मागणं हा शिस्तभंग असतो, अर्ज कोणीही लिहिलेला असो. शिवाय त्याची साधी, मंजूर झालेली सुट्टी आता बाजूला ठेवली गेली होती. कागदावर ती तातडीची सुट्टी झाली होती, आणि घरून खातरजमा झाल्याशिवाय त्याला विमानात जागा मिळणार नव्हती. चार तारखेच्या विमानाची यादी वीस नोव्हेंबरला बंद होणार होती.

बारा दिवस हातात होते. मला ते भरपूर वाटले. मी तेव्हा भोळी होते.

पहिल्याच दिवशी मी पुण्याला त्या कार्यालयात गेले. तिसऱ्या मजल्यावर एक सभ्य कारकून होते. सभ्य हे मुद्दाम सांगते. उर्मट माणसावर रागावणं सोपं असतं, हे गृहस्थ मला दर वेळी बसायला सांगून, पंखा लावून नाही म्हणायचे. मी सांगितलं, पत्र चुकीचं आहे, आम्ही ते मागं घेतो. त्यांनी छापील नमुना काढला. त्यात रकाने दोन होते, आजाराचं स्वरूप आणि बरं होण्यास लागणारा अपेक्षित काळ. पत्र मागं घेण्याचा रकाना नव्हता. मी म्हणाले, पहिल्या रकान्यात काही नाही लिहा, दुसऱ्यात शून्य. त्यांनी कौतुकानं मान हलवली आणि सांगितलं की ते डॉक्टरांनी लिहायला हवं, शिवाय पोलिसांचा घरभेटीचा अहवाल लागेल, मग फाइल पुढं जाईल.

डॉक्टरांकडे न्यायला सुट्टी हवी म्हणून मी कारखान्यात सुपरवायझरकडे गेले. त्यांनी कारण विचारलं. मी म्हणाले, आई आजारी नाही. मी सगळी हकिकत सांगितली, आणि त्यांनाही ती पटली. पण संगणकावर सुट्टीच्या कारणांची जी यादी येते, त्यात लग्न, मृत्यू, स्वतःचा आजार आणि पालकांचा आजार एवढेच पर्याय होते. त्यांनी चौथ्यावर बोट ठेवलं. माझी आई आजारी नाही हे सिद्ध करण्यासाठी मी घेतलेल्या सहाही सुट्ट्या कारखान्याच्या दप्तरी आईच्या आजारपणात जमा आहेत.

सरकारी दवाखान्यात आम्ही आठला जाऊन बसलो आणि आमचा नंबर साडेबाराला लागला. डॉक्टर तरुण होते. त्यांनी मला समजावलं की ते आजाराचा दाखला देतात, आजार बरा झाल्याचा देतात, आणि नोकरीसाठी तंदुरुस्तीचाही देतात. पण अत्यवस्थ नसल्याचा दाखला त्यांनी कधी दिलेला नव्हता. अत्यवस्थ असल्याचे कागद आणलेत तर ते आता तसं नाही असं लिहिता येईल, असं ते म्हणाले. म्हणजे आईला बरं ठरवायला आधी आजारी पाडणं भाग होतं. मी हे तर्कशास्त्र त्यांना फळ्यावर मांडून दाखवायच्या तयारीत होते, तेवढ्यात ते म्हणाले, निदान तपासू तरी. आई साडेचार तास बाकड्यावर बसली होती, बंगल्याचे पाहुणे दुपारी येणार होते आणि किल्ली तिच्या कमरेला होती. तिचा रक्तदाब एकशे साठवर शंभर भरला. डॉक्टरांचा चेहरा उजळला. आता काहीतरी लिहिता येत होतं. त्यांनी कागदावर रक्तदाब लिहिला, गोळ्या लिहिल्या, विश्रांतीचा सल्ला लिहिला, आणि वर तारीख टाकून शिक्का मारला.

आम्ही घरी पोचलो तेव्हा दारात शेजारच्या सरुबाई मावशी उभ्या होत्या. आमच्यामागे पोलीस येऊन गेला होता. घराला कुलूप होतं, वहिनी दिवसापुरती माहेरी गेली होती. त्यानं सरुबाईंना विचारलं, भामाबाई कुठं आहेत. सरुबाईंनी खरं ते सांगितलं, दवाखान्यात नेलंय. त्यानं तसं लिहून घेतलं. तो अहवाल मी नंतर वाचला. घर बंद आढळले, रुग्णास उपचारार्थ दवाखान्यात हलविल्याचे शेजाऱ्यांकडून समजले. या वाक्यात मला सिद्ध करण्याजोगी एकही चूक सापडली नाही, आणि तरी ते संपूर्ण खोटं होतं. मला प्रयोगशाळेत असं कधी झालेलं नाही.

मग भेटायला येणारे सुरू झाले. तळेगावहून आत्येबहीण आली, लोणावळ्याहून मामा आले, शहाळी आली, केळी आली, एका पिशवीत ग्लुकोजची चार पाकिटं आली. एका संध्याकाळी आई डोक्यावर गवताचा भारा घेऊन मागल्या दारानं घरात शिरली, तेव्हा ओटीवर नऊ माणसं खालच्या आवाजात बोलत बसली होती. कोणालाही आनंद झाला नाही. आत्येबहिणीनं अर्ध्या दिवसाचा पगार घालवला होता, आणि ती तसं म्हणालीही. मामांनी भाऱ्याकडे पाहून विचारलं, एवढं अंगावर काढणं बरं का. आई त्यांना चहा करायला गेली. तिची विचारपूस करायला आलेल्या नऊ माणसांचे कप तिनेच विसळले.

माणसं गेल्यावर हौशीराम आबा पुढं सरकले. त्यांच्या दृष्टीनं सगळं उत्तम जमलं होतं. डॉक्टरचा कागद होता, पोलिसाचा अहवाल होता. त्यांच्या काळात एवढा पुरावा मिळाला असता तर ते दोन महिने घरी राहिले असते. "वयनी, आता फकस्त पंधरा दीस पडून ऱ्हावा," ते आईला म्हणाले. "पोरगं म्हैनाभर येतंय."

खरं सांगायचं तर कोणी काही बोललं नाही. मीसुद्धा नाही. वहिनी भिंतीला टेकून बसली होती, सम्यक तिच्या मांडीवर झोपला होता, आणि ती माझ्याकडे बघतच नव्हती. तीस दिवस. नुसतं गप्प राहायचं होतं. मी मापात एका केसाचा फरक खपवून घेत नाही अशी माझी कारखान्यात ख्याती आहे, आणि त्या संध्याकाळी मी मनात आईचं अंथरूण कुठं घालायचं ते ठरवत होते.

प्रज्ञेशनंच तो बेत मोडला. फोनवर त्यानं सांगितलं की तातडीच्या सुट्टीसाठी चार तारखेच्या विमानात जागा एकच ठेवलेली आहे, आणि त्याच्याच तंबूत बीडकडचा एक पोरगा आहे, त्याचे वडील खरोखर दवाखान्यात आहेत. त्या पोराचा अर्ज याच्या अर्जाखाली अडकला होता. प्रज्ञेशचा अर्ज आधी आला होता म्हणून.

आईनं फोन ठेवला आणि आबांना म्हणाली, घरी जा. आबांना एवढ्या कमी शब्दांत घरी कोणी पाठवलेलं मी पाहिलं नव्हतं. ते गेलेही, पण जाताना शहाळं घेऊन गेले.

त्यानंतर मी त्या कार्यालयात तीनदा गेले. सभ्य कारकुनांनी तीनदा पंखा लावला. आता फाइलमध्ये आजाराचा सरकारी पुरावा होता, त्यामुळे मी म्हणते ते त्यांना आणखीच अवघड झालं होतं. एकदा तर त्यांनी मला हळू आवाजात विचारलं की आईशी माझं काही वितुष्ट आहे का. वीस नोव्हेंबर उलटून गेला. यादी बंद झाली. यादीत ना प्रज्ञेश होता, ना बीडकडचा पोरगा, कारण एकाची खातरजमा चालू होती आणि दुसरा पहिल्याच्या मागं होता. ती जागा रिकामी जाणार होती. शांततेसाठी दुसऱ्यांच्या भांडणात उभ्या राहिलेल्या दोन माणसांना घरी यायचं होतं, विमानात खुर्ची होती, आणि ती खुर्ची इथल्या एका छापील कागदामुळे हवा घेऊन येणार होती.

सत्तावीस तारखेला आई म्हणाली, मी येते. तिनं बंगल्याची किल्ली सरुबाईंकडे दिली, ठेवणीतलं लुगडं नेसली आणि आम्ही निघालो. कार्यालयाची लिफ्ट बंद होती. ती तीन मजले चढली, मधे थांबली ती माझ्यासाठी. कारकुनांनी नेहमीप्रमाणे बसायला सांगितलं आणि पेशंट कसे आहेत म्हणून विचारलं. मी म्हणाले, ह्या. त्यांनी ओळखपत्र मागितलं, फोटो ताडून पाहिला, आणि प्रामाणिकपणे खूश झाले. मग त्यांनी फाइल उघडली आणि त्यांचा चेहरा पडला. अडचण अशी होती की ही सुट्टी आईच्या आजारासाठी होती. आई आजारी नसेल तर कारण उरत नाही, आणि कारण नसेल तर सुट्टी रद्द करून फाइल बंद करावी लागेल.

मी बोलायला तोंड उघडलं, पण आईनं माझ्या हातावर हात ठेवला. ती ओरडली नाही. बंगल्यावर पाहुण्यांनी काच फोडली की ती ज्या आवाजात बोलते, त्या आवाजात बोलली.

"मी मरायला टेकले तर माजा ल्योक घरी येनार, आन् हिंडतीफिरती ऱ्हायले तर न्हाई? जित्या आईला भेटायला सुट्टी न्हाई व्हय तुमच्यात, सायेब?"

तेवढ्यात त्यांच्या टेबलामागचा हिरवा पडदा बाजूला झाला आणि आतून एक पांढऱ्या मिशांचे अधिकारी बाहेर आले. त्यांनी फाइल मागितली. चार कागद उलटले. मग उभ्याउभ्याच खिशातून पेन काढून समासात लिहिलं, सदर पत्र चुकीने आले, मूळ वार्षिक सुट्टी कायम. खाली सही केली. पेनाचं टोपण काढण्यापासून लावण्यापर्यंत मी घड्याळ पाहिलं होतं. बावीस सेकंद.

मी विचारलं, हे पहिल्या दिवशी का नाही झालं. कारकून म्हणाले की असं लिहिण्याचा अधिकार फक्त साहेबांना आहे. मी विचारलं, साहेब कुठं होते. साहेब इथंच होते. रोज असतात. पडद्यामागे. मला त्यांच्याकडे जायचं आहे असं मी कधी म्हणाले नव्हते. माझ्या खुर्चीपासून तो पडदा दीड मीटरवर होता. मी अंदाज सांगत नाहीये, मला अंतरं कळतात.

चार तारखेचं विमान गेलं. पुढचं दहाला होतं, आणि त्यातून दोघंही आले. बीडकडच्या पोराचे वडील तोवर होते, एवढं मला माहीत आहे, त्यापुढं विचारायचं मला धाडस झालं नाही. सुट्टीची शेवटची तारीख मात्र अठराच राहिली, कारण पुढच्या तुकडीची पाळी तिला बांधलेली होती. प्रज्ञेश अकराला संध्याकाळी घरी आला आणि सतराला पहाटे निघणार होता. मधे पूर्ण दिवस पाच.

सम्यकनं त्याला दारात पाहिलं आणि असा टाहो फोडला की सरुबाई धावत आल्या. सकाळी उठल्यावरही तेच. प्रज्ञेश उठून परसात गेला की पोर गप्प, आत आला की सुरू. सहा फूट उंचीच्या, दोन टोळ्यांच्या मधे उभं राहणाऱ्या माणसाला आपल्याच घरात पाय न वाजवता चालायला लागलं. शेवटी तो वैतागून गोठ्यामागं जाऊन बसला आणि तिथून त्यानं वहिनीला व्हिडिओ कॉल लावला. सम्यकनं पडद्यावर त्याला पाहिलं आणि दोन्ही हात आपटून हसला. हा बाप त्याच्या ओळखीचा होता.

मग आम्ही ते पद्धतशीर केलं. दुसऱ्या दिवशी त्यानं गोठ्यातून फोन केला. तिसऱ्या दिवशी परसातल्या दगडावरून. चौथ्या दिवशी खिडकीबाहेरून, तेव्हा पोराला एकच आवाज दोन ठिकाणांहून यायला लागला आणि ते मान वळवून शोधायला लागलं. पाचव्या दिवशी दुपारी प्रज्ञेश उंबऱ्यात बसला, फोन तोंडासमोर धरून. बोलत बोलत त्यानं तो हळूच खाली केला. सम्यक रडला नाही. बराच वेळ बघत राहिला. मग रांगत गेला आणि बापाच्या नाकाला हात लावला. वहिनी चुलीपाशी पाठमोरी बसून राहिली, वळलीच नाही. संध्याकाळपर्यंत पोर बापाच्या खांद्यावरून उतरायला तयार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे प्रज्ञेश गेला, तेव्हा सम्यक झोपलेला होता.

आबा अजून म्हणतात, जरा पडून राहिला असता तर महिनाभर मिळाला असता. सहा दिवस वाया गेले ते कशात, हे मला दशांश चिन्हापर्यंत माहीत आहे, पण ते कोणाला सांगायचं आणि त्याचा रकाना कोणता, ते ठाऊक नाही.

दर रविवारी प्रज्ञेशचा फोन येतो. सम्यक आता पडद्याकडे बघून हसत नाही. फोन दोन्ही हातांनी बाजूला ढकलतो आणि त्याच्या मागं बघतो.